रिकामी सुटणारी गाडी

‘बस’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो परक्या भाषेतून आला, याची आठवणही आता कोणास होत नाही. त्याचे मूळ मात्र मौजेचे आहे. लॅटिन भाषेत ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२६ च्या सुमारास फ्रान्समधील नांत या शहरी घोड्यांनी ओढावयाच्या ज्या मोठ्या भाडोत्री गाड्या सुरू झाल्या, त्यांस पुढे हे नाव पडले. आणि बोलता बोलता लोकांनी त्या नावाचे शेपूट तेवढे राखले. ज्यांनी लॅटिनचे व्याकरण घोकले आहे त्यांस ठाऊक असेल की ‘ओम्नि’ म्हणजे ‘सर्व’, आणि ‘बुस’ हा केवळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे मराठीत सांगावयाचे तर ‘सर्वांसाठी’ या शब्दातील ‘सर्व’ गळाले आणि ‘साठी’ तेवढे उरले!

ही कल्पना मात्र त्या नावाहूनही जुनी आहे, आणि तिचा जनक कोण हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. ब्लेझ पास्काल हा सतराव्या शतकातील थोर गणिती आणि त्याहून थोर असा धर्मचिंतक. याच पास्कालच्या कल्पनेतून १८ मार्च १६६२ रोजी पॅरिस शहरात ठराविक मार्गाने धावणाऱ्या आणि प्रत्येक उतारूकडून पाच सू एवढे ठराविक भाडे घेणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. त्यापूर्वी गाडी ज्याच्या घरची त्याची, किंवा भाड्याने ठरवील त्याची. अनोळखी माणसांनी एका गाडीत शेजारी शेजारी बसावे, ही गोष्टच नवी होती. त्या गाड्यांचा एक नियम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. गाडी नेमलेल्या वेळी सुटेल. उतारू थोडे असोत, किंबहुना एकही नसो, ती रिकामी सुटेल.

परंतु याच आरंभाला एक गालबोटही लागले. पॅरिसच्या न्यायसभेने या गाड्यांना मान्यता देताना शिपाई, हुजरे आणि अंगमेहनतीची कामे करणारे लोक यांना गाडीत बसण्यास मनाई केली. इकडे पास्काल स्वतः मरणपंथास लागलेला होता. ब्ल्वा प्रांतातील गोरगरिबांची त्या हिवाळ्यात अन्नान्न दशा झालेली ऐकून, या गाड्यांच्या नफ्यातील आपला वाटा आगाऊ मिळावा आणि तो त्यांच्याकडे पाठवावा, अशी त्याची धडपड चालली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तो निवर्तला. गाड्याही थोड्याच वर्षांत बंद पडल्या. ज्या गाडीच्या नफ्यातून गरिबाला अन्न द्यावयाचे, त्या गाडीत गरिबाला बसू मात्र द्यावयाचे नाही, असा तो विलक्षण प्रकार.

रिकामी असली तरी वेळेवर सुटणारी गाडी आणि कष्टकऱ्याला दार बंद असलेली गाडी, या दोन्ही एकाच शहरी एकाच दिवशी जन्मास आल्या. आमच्या पांडेसऱ्याच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ माणसांचे लोंढे पाहिले की या दोन्हींची आठवण होते.

सुरतेच्या दक्षिणेस, उधन्याच्या पुढे, नवसारीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पांडेसरा आहे. ज्या वाचकांनी ते पाहिले नाही त्यांच्या घरातही ते बहुधा पोहोचलेले असेल, कारण येथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांतून निघालेली साडी कोणत्या गावच्या बाजारात मिळत नाही? गिरण्यांच्या चिमण्यांभोवती कामकऱ्यांच्या वस्त्या वाढल्या. ओडिशातील गंजाम जिल्ह्याची माणसे येथे आहेत, उत्तर प्रदेश आणि बिहारची आहेत. आणि आपली खान्देशची तर इतकी आहेत की काही गल्ल्यांतून जाताना नळावरचे भांडणसुद्धा अहिराणीत ऐकू येते.

ही मंडळी येथे आली कशी, या प्रश्नाचे उत्तर रुळांवर लिहिलेले आहे. सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी जाणारी तापी खोऱ्याची रेल्वे १९०० साली पुरी झाली. ती टाकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो खान्देशचा कापूस. माणसांची ये-जा हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम विषय. परंतु पुढे कोरडवाहू शेतीने दगा दिला, १९७२ सारखी दुष्काळाची वर्षे आली, अमळनेर-धुळ्याच्या कापडगिरण्यांची भरभराट ओसरली, आणि ज्या वाटेने कापसाचे गठ्ठे गेले होते त्याच वाटेने कापूस पिकविणारांची मुले गेली. मुंबईपेक्षा सुरत त्यांना जवळची पडली. भाड्याच्या दृष्टीने तर फारच जवळची. दुसरे राज्य, दुसरी भाषा, परंतु संध्याकाळी गाडीत बसले की त्याच रात्री गाव. तिकीट स्वस्त नसते तर पांडेसऱ्यातील कित्येक घरे वसलीच नसती, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि वसलेली घरेही त्या गाडीनेच धरून ठेवली आहेत. गावाकडून दादर ज्वारीचे पोते येते, नंदुरबारची मिरची येते, भरताची वांगी येतात, सासूने उन्हात वाळविलेले बिबडे येतात. सुरतेहून गावी जाते ती पुतणीच्या लग्नाची साडी आणि आईच्या औषधाचे पैसे. आखाजीला लेकी माहेरी निघतात. श्रावणात कानबाई बसते, तिचे रोट भाऊबंदांनी एकत्र बसूनच खावयाचे असतात. मग पांडेसऱ्यातला भाऊ गाडीत उभ्याने का होईना, पण पोहोचतो. दिवाळीला गिरण्या काही दिवस बंद राहतात तेव्हा तर उधन्याच्या आणि सुरतेच्या फलाटांवर पाय ठेवावयास जागा नसते. त्या दिवसांत अर्धा देश घरी निघालेला असतो. २०२३ च्या दिवाळीत सुरत स्थानकावर बिहारच्या गाडीसाठी चेंगराचेंगरी होऊन एका उतारूचा प्राण गेला, हे वाचकांस स्मरत असेल. सणासाठी घरी निघालेला माणूस फलाटावरच राहावा, याहून क्लेशकारक ते काय?

याच मार्गावर नवापूर नावाचे एक गमतीचे स्थानक लागते. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. तिकिटाची खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी तापी जिल्ह्यात. एक बाक तर असे आहे की त्यावरील एक मनुष्य महाराष्ट्रात बसतो आणि शेजारचा गुजरातेत. १९६० च्या मे महिन्यात द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा हे स्थानक आधीच तेथे उभे होते. सीमा त्याच्यावरून गेली. एसटीचीही तशीच वाटणी झाली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला जी पहिली बस निघाली, ती मुंबई राज्याची होती. पुढे एकीच्या दोन झाल्या. दोन्हींकडे लोक तिला ‘एसटी’च म्हणतात. तथापि सवलती मात्र सीमा ओळखतात. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्या वृद्धांना तर ऑगस्ट २०२२ पासून काहीच द्यावे लागत नाही. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. लेकीकडे सुरतेला येणाऱ्या आजीबाईंच्या कृपेचा काळ नवापुराशी संपतो.

गावाला जाण्याची गोष्ट वर्षातून चार-सहा वेळांची. रोजची गोष्ट वेगळी आहे, आणि खरी कसोटी तीच.

सुरत हे लाखोंनी माणसे ओढून घेणारे शहर; परंतु त्यांना कामावर पोहोचविणाऱ्या सार्वजनिक गाड्यांची येथे वर्षानुवर्षे वानवाच होती. ती उणीव भरून काढली शेअर रिक्षांनी. रिक्षावाल्यांविषयी आमच्या मनात अनुदार भाव मुळीच नाही. जेथे कोणी नेत नव्हते तेथे त्यांनी नेले, आणि त्यांच्यातही आपल्याच वस्तीतील कित्येक कुटुंबांचे पोट आहे. परंतु शेअर रिक्षाचा धर्म पास्कालच्या गाडीच्या अगदी उलट. ती भरल्याशिवाय हलत नाही. मागे तीन बसले तरी चौथा हवा, आणि चालकाच्या दोहों बाजूंस दोघे टांगलेले हवेत. गर्दीच्या वेळी ती चटकन भरते. पण रात्री पाळी संपवून निघालेला एकटा मनुष्य, किंवा भर दुपारी तापाने फणफणलेले मूल घेऊन दवाखान्याला निघालेली माता, यांना ती सांगते, थांबा! नाहीतर चौघांचे भाडे एकट्याने द्या. ज्याची निकड अधिक त्याच्याकडून अधिक घ्यावयाचे, असा हा हिशेब आहे.

२०१४ च्या जानेवारीत उधना दरवाजा ते सचिन औद्योगिक वसाहत हा बीआरटीएसचा मार्ग सुरू झाला. सुरतेतील तो पहिलाच, आणि नेमका पांडेसऱ्यावरून जाणारा. रस्त्याच्या मधोमध बससाठी राखून ठेवलेली वाट आणि मध्येच बांधलेली स्थानके. पुढे त्याचे जाळे शंभर किलोमीटरांच्या पलीकडे गेले, शहरातील साध्या बसही त्याला जोडल्या गेल्या, विजेवर चालणाऱ्या बस आल्या. महानगरपालिकेचे याबद्दल अभिनंदन केलेच पाहिजे. रिंगरोडवरील कापडबाजारात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बाईला पांडेसऱ्याहून एका बसने तेथवर जाता येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे.

आता थोडा हिशेब करू. येथील गिरण्यांतून बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात. समजा, अशा पाळीचा कामगार जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास वाहनाची केवळ वाट पाहण्यात घालवितो. महिन्याला सव्वीस पाळ्या धरल्या तर सव्वीस तास होतात. म्हणजे दोन पाळ्या भरून दोन तास वर. या वेळेची मजुरी त्यास कोणी देत नाही, आणि हा वेळ तो आणतो कोठून? झोपेतून, किंवा मुले जागी असण्याची जी काय घटकाभर वेळ असते, तीतून. वडील घरात राहतात पण मुलांना दिसत नाहीत, अशी घरे येथे आहेत. त्यावर उपदेश करणे सोपे. उपदेशापूर्वी बसचे वेळापत्रक पाहावे, असे आम्हांस वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत हिशेब याहून अवघड आहे. पांडेसरा, लिंबायत, उधना येथील हजारो स्त्रिया घरी बसून साडीला टिकल्या लावतात, लेस शिवतात, भरतकामाचे सुटे धागे कापतात. नगाप्रमाणे मिळणारे दाम अत्यंत तुटपुंजे. घराबाहेर पडल्यास अधिक मिळेल हे त्यांस ठाऊक नसते असे नाही. लहान मुले, घरच्या माणसांची नापसंती, अशी कारणे पुष्कळ असतात. परंतु त्यांत एक कारण असे असते की जे बोलून दाखविले जात नाही. काम सुटल्यावर अंधारात घरी येण्याची सोय काय? थांब्यापासून घरापर्यंतच्या गल्लीत दिवा आहे काय? सकाळी जाण्याची बस असून भागत नाही. नोकरी धरावी की न धरावी हे रात्रीच्या परतीच्या बसवर ठरते. तीच गत मुलींच्या शिक्षणाची. महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते, ही तिची उदारताच. पण त्यापुढच्या वर्गासाठी पुष्कळ मुलींना वस्तीबाहेर जावे लागते, आणि तेथे बुद्धीपेक्षा वाट आडवी येते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दुपारच्या वेळी बस रिकाम्या धावतात, रात्रीच्या शेवटच्या फेरीत चार माणसे असतात. हा करदात्याच्या पैशाचा अपव्यय नव्हे काय? आक्षेप वरकरणी रास्त दिसतो. परंतु रात्री नऊची बस कधी येते, कधी येत नाही, असे झाले की मनुष्य सकाळी आठच्या बसनेही जात नाही. तो हप्त्याने मोटारसायकल घेतो, कर्ज काढतो, आणि तेही न जमले तर नोकरी सोडतो. रात्रीची रिकामी फेरी ही सकाळच्या भरलेल्या फेरीची हमी असते. पॅरिसच्या त्या गाडीवानाला तीनशे साठ वर्षांपूर्वी रिकामी गाडी हाकण्याची आज्ञा होती, ती काही गंमत म्हणून नव्हती. वस्तूचा उपयोग मोजताना आपण तीत बसलेली माणसे मोजतो; ती आहे या भरवशावर ज्यांनी आपला दिवस आखला त्यांची गणती कोणी करीत नाही.

हा भरवसा नाहीसा झाला म्हणजे काय होते, ते सुरतेने दोनदा पाहिले. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने शहर हादरले आणि अवघ्या काही दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. तेव्हा निदान गाड्या चालू होत्या. २०२० च्या मार्चमध्ये त्या थांबल्या. २२ मार्चपासून रेल्वेच्या उतारूगाड्या बंद झाल्या, २५ मार्चपासून सारा देश. गिरणी बंद, खानावळ बंद, खोलीचे भाडे मात्र चालू. घरी सोडा, एवढ्या एका मागणीसाठी सुरतेतील कामगार रस्त्यावर आले. मे महिन्यात श्रमिकांसाठी खास गाड्या सुटेपर्यंत कित्येकांनी पायीच वाट धरली. त्याच महिन्यात, ८ तारखेच्या पहाटे, जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडून ठार झाले. मध्य प्रदेशातील आपल्या घरी नेणारी गाडी भुसावळला मिळेल, या आशेने ते रुळांवरून चालत होते. थकून रुळांवरच निजले, कारण गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. ज्या भुसावळकडे ते निघाले होते, तेथेच सुरतेची आपली गाडीही जाते.

त्या संकटानंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण काही गोष्टी परत आल्या नाहीत, काही उशिरा आल्या. साध्या पॅसेंजर गाड्यांना ‘विशेष’ आणि ‘एक्स्प्रेस’ अशी नावे मिळाली आणि दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांचे झाले. डबे तेच, थांबे तेच, नाव तेवढे मोठे. चारेक वर्षे ही स्थिती राहून २०२४ च्या फेब्रुवारीअखेर किमान भाडे पुन्हा दहावर आले. वृद्धांची सवलत मात्र २० मार्च २०२० पासून थांबली ती थांबलीच. साठीच्या पुरुषांना शेकडा चाळीस आणि अठ्ठावन्नच्या पुढील स्त्रियांना शेकडा पन्नास सूट मिळत असे. दुसरीकडे २०१९ च्या फेब्रुवारीत उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झाले, नंदुरबार-उधना मेमू गाडी सुरू झाली. हा लाभ मोठा आहे आणि तो मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. आमचे म्हणणे इतकेच की दोन रूळ झाले म्हणून वेगवान गाड्या वाढतील, त्या वाढाव्यातही. परंतु त्यांना वाट देण्यासाठी चिंचपाडा, खांडबारा, बेटावद येथे थांबणारी गाडी बाजूच्या रुळावर ताटकळत राहू नये. आमच्या वस्तीतील लोक उतरतात ते तेथे.

सुरतेत आता मेट्रोही बांधली जात आहे. २०२१ च्या जानेवारीत तिची पायाभरणी झाली. सुमारे चाळीस किलोमीटरांचे दोन मार्ग आखले आहेत. एक सरथाणा ते ड्रीम सिटी, दुसरा भेसाण ते सरोली. यांपैकी पांडेसऱ्याला कोणताच शिवत नाही. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, आणि येथील माणसाला मेट्रोपेक्षा बसचीच गरज अधिक आहे असे आमचे मत आहे. फक्त मेट्रोच्या कौतुकात बसचा हात आखडता घेतला जाऊ नये.

पांडेसऱ्यातील वाचकांना आमची एक सूचना आहे. बसचे वेळापत्रक आखणाऱ्यांना गिरण्यांच्या पाळ्या कोठल्या दारी किती वाजता सुटतात हे आपोआप कळत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते. आपल्या गल्लीतील दहा-वीस घरांनी मिळून एक अर्ज करावा. पाळी सुटण्याची वेळ, जवळच्या थांब्याचे नाव, बस नसल्यास रिक्षाला पडणारे भाडे, आणि थांब्यापासून वस्तीपर्यंत दिवे कोठे नाहीत, एवढ्या चार गोष्टी त्यात पुरेत. अर्ज गुजरातीत असलेला बरा. घरातील जी मुले शाळेत गुजराती शिकतात, ती उत्तम लिहून देतील. खाली स्त्रियांच्या सह्या आवर्जून घ्याव्या, आणि तो महानगरपालिकेच्या विभाग कचेरीत देऊन पोच घ्यावयास विसरू नये.